घसरत्या गाडीची जुळवाजुळव

लोणावळ्यापलीकडे घाटमाथ्याच्या कडेवर आमचें कुरवंडे गांव आहे. तेथें गेल्या वर्षीं माझ्या नातवानें व त्याच्या दोन मित्रांनीं एक वीजगाडी बांधावयास घेतली. हिला 'गो-कार्ट' म्हणतात. चार लहान चाकें, जमिनीलगत बैठक, स्प्रिंगा मुळींच नाहींत, आणि मागचीं दोन्ही चाकें एकाच सलग आंसावर घट्ट बसविलेलीं. मुलांना ती नुसती पळवावयाची नव्हती. वळणावर मागची बाजू घसरवीत न्यावयाची होती. या खेळास 'ड्रिफ्ट' असें नांव आहे. जन्मभर पोरांना "घसरूं नका" म्हणून बजावणाऱ्या मास्तराच्याच अंगणांत हा उद्योग चालावा, हा दैवाचा विनोद!

मुलांनीं पहिली खरेदी केली ती मोटरीची, आणि पैसे बहुतेक तेथेंच संपले. माझ्या मतें निवडीची सुरुवात जमिनीला टेंकणाऱ्या चाकापासून व्हावयास हवी होती.

हिशेब साधा आहे. बसणाऱ्यासह गाडीचें वजन १२० किलो धरूं. त्यांपैकीं सुमारें ७० किलो मागच्या चाकांवर येतें. कोरड्या डांबरावर रबराची पकड भाराच्या आठ-दशांश धरली, तर चाक घसरविण्यास ५५० न्यूटन जोर लागेल. त्याच टायरावर कठीण प्लॅस्टिकच्या नळाचें कडें चढविलें, कीं पकड तीन-दशांशांच्या आसपास उतरते व २०० न्यूटन पुरतात.

आतां मोटर पाहा. ४८ व्होल्ट, १००० वॅट, मिनिटास ३००० फेरे, अशी मोटर विजेच्या लहान गाड्यांसाठीं मिळते. मोटरीवर ११ दात्यांचें व आंसावर ६६ दात्यांचें चक्र घालून सांखळी जोडली, तर फेरे ५०० होतात व पीळ सहापट वाढतो. २६ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेस सुमारें १४५ न्यूटन जोर मिळतो, क्षणभर दुप्पटही. आणि वेग तासास २४ किलोमीटर. म्हणजे प्लॅस्टिकच्या कड्यांवर ही मोटर गाडी घसरवील. नुसत्या रबरावर घसरविण्याचा हट्ट धरला, तर मोटर तापून जळेल. मोठी मोटर आणण्यापेक्षां नळाचे दोन तुकडे कापणें स्वस्त पडतें.

परंतु येथेंच खरी मेख आहे. जें चाक सहज घसरतें, तें गाडीला थांबवीतही नाहीं. आमच्या मुलांनीं ब्रेक बसविला होता तो फक्त मागच्या आंसावर. तासास २४ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी अशा ब्रेकानें सपाट, कोरड्या रस्त्यावर तेरा मीटर घेते. दहास एक असा उतार असेल, तर अंतर तीस मीटरांवर जातें. पुढच्या रबरी चाकांसही ब्रेक असतील, तर सपाटीवर पांच मीटर पुरतात. पावसाळ्यांतल्या आमच्या रस्त्याचें तर बोलावयासच नको.

श्रावणांतल्या एका सकाळीं तेंच झालें. वेगाची मूठ सोडली, तरी मोटर थांबेना. प्रवाहाचें नियंत्रण करणाऱ्या पेटींतले ट्रान्झिस्टर जळतात, तेव्हां ते पुष्कळदां वाट बंद करण्याऐवजीं कायमची उघडी ठेवतात. गाडी बांध ओलांडून भातखाचरांत गेली आणि नातवाचें मनगट मोडलें. म्हणून बॅटरीच्या तारेंतच हातानें ओढून तोडतां येईल असा स्विच हवा, व त्याची दोरी मनगटास बांधलेली हवी. घरांतला दिव्याचा स्विच येथें चालत नाहीं. एकदिश प्रवाहाची ठिणगी त्यांत विझत नाहीं. फ्यूज बॅटरीच्या टोंकाजवळच असावा.

बॅटरीविषयीं थोडेंच सांगतों. शिशाच्या चार बॅटऱ्या स्वस्त, पण त्यांचें वजन पंचवीस किलोंच्या घरांत जातें. लिथियम-लोह-फॉस्फेटची तेवढ्याच शक्तीची त्याच्या तिसऱ्या हिश्शाची. पेटी मात्र पाणी न शिरणारी हवी. आणखी एक. २५० वॅटांहून मोठी मोटर असलेली, नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणें कायद्यास धरून नाहीं. तिला बंदिस्त आवारच हवें.

नातवाचें प्लास्टर निघाल्यावर पहिली खरेदी झाली ती पुढच्या चाकांच्या दोन डिस्क-ब्रेकांची. ते बसेपर्यंत मोटर माझ्या खाटेखालीं होती.