रिकामं म्हणजे शून्य नव्हे: हॅस्केलमधला 'मेबी' मला कसा कळला

आम्ही चौघं मित्र पुण्यात एका फ्लॅटवर राहायचो. लाइट बिल, गॅस, दूध यांच्या हिशोबासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं वेब पेज बनवलं होतं. कुणी किती भरले ते चौकटीत टाकायचं, पुढचं गणित कोड करणार. एका महिन्यात एकाने चौकट भरलीच नाही. पेजने दाखवलं, त्याने भरले 0 रुपये. मीही न विचारता ग्रुपवर टाकलं, "तुझे पैसे बाकी आहेत." खरं तर त्या महिन्याचं अख्खं लाइट बिल त्यानेच भरलं होतं! आठवडाभर तो माझ्याशी धड बोलला नाही.

चूक माझ्याच कोडमध्ये होती. जावास्क्रिप्टमध्ये रिकामा मजकूर 'नंबर' फंक्शनला दिला की उत्तर 0 येतं. एरर नाही, काही नाही. 'माहिती नाही' आणि 'शून्य रुपये' या दोन वेगळ्या गोष्टी, पण माझ्या पेजला त्या सारख्याच.

त्याच सुमारास मी हॅस्केल शिकायला घेतलं. ही 1990 पासूनची फंक्शनल लँग्वेज, गणितज्ञ हॅस्केल करी यांच्या नावाची. तिच्यात प्रत्येक व्हॅल्यूला टाइप असतो: पूर्णांकाला इंट, मजकुराला स्ट्रिंग. प्रोग्राम चालायच्या आधीच कंपायलर हे टाइप जुळतात का ते बघतो. बऱ्याचदा टाइप आपल्याला लिहावाही लागत नाही, तो स्वतःच ओळखतो. जीएचसीआय उघडून 'कोलन टी' आणि पुढे काहीही टाका, टाइप समोर येतो. पहिले काही दिवस मी हाच खेळ करत बसलो होतो.

मग तोच हिशोब हॅस्केलमध्ये लिहायला घेतला. मजकुराचा आकडा करायला 'रीडमेबी' वापरलं आणि तो बेरजेत टाकला. कंपायलर अडला. इंट हवा होता, आला मेबी. मी वैतागलो. (हॅस्केलच्या एरर वाचणं नवख्याला जडच जातं, उगाच गोड बोलत नाही.)

मेबी इंट म्हणजे बंद डबा समजा. आत एक तर 'जस्ट' आणि आकडा, नाहीतर 'नथिंग'. कुणी 0 टाईप केलं तर जस्ट 0 मिळतं, रिकामं सोडलं तर नथिंग. डबा न उघडता बेरीज करता येत नाही. उघडायला 'केस' वापरायचं आणि दोन्ही शक्यतांचं काय करायचं ते लिहायचं. नथिंगची ओळ विसरलात तर कंपायलर वॉर्निंग देतो, पण त्यासाठी 'वॉल' हा पर्याय चालू हवा. नवीन असाल तर तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

नथिंगसमोर काय लिहायचं, यावर मी अडून बसलो. 0 लिहिता आलं असतं, पण आता ते मला स्वतःच्या हाताने लिहावं लागणार होतं. मी लिहिलं: 'याला विचारा'.

अँड्रॉइड ॲप्ससाठी वापरतात त्या कॉटलिनमध्येही हीच कल्पना आहे. तिथे टाइपच्या पुढे प्रश्नचिन्ह असलं की समजायचं, इथे कदाचित काहीच नसेल.

पण कुणी 500 च्या जागी 50 टाकले, तर दोन्ही इंटच. तिथे कंपायलर गप्प बसतो. म्हणून आता आम्ही बिलाचा फोटोही ग्रुपवर टाकतो.