रविवारचा सिनेमा आणि आपलं ‘जेवू लागले’

आधीच सांगते, मी समीक्षक वगैरे नाही. दिवसभर गच्चीबावलीच्या ऑफिसात कोडमधले बग शोधते आणि रविवारी काचीगुड्याला आईकडे जाते. गेले काही महिने तिथे एक नवीन प्रथा सुरू झालीय. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक मराठी सिनेमा बघायचा. सगळे म्हणजे आई, ताई, मी आणि ताईची मुलगी. भाची इंटर फर्स्ट इयरला आहे. सिनेमा कुठला हे आळीपाळीने ठरतं आणि मध्येच मोबाइल बघितला तर चहा करायला उठावं लागतं.

ही प्रथा कशी पडली तेही सांगते. मागच्या वर्षी पुण्यात एक लग्न होतं. पंगतीत कुणीतरी हाक मारली, तर भाची म्हणाली, “थांबा, मी जेवू लागले.” तिकडची भावंडं खो-खो हसली. “लागलीस म्हणजे? आत्ता सुरुवात केलीस का?” आपल्याकडे ‘जेवू लागले’ म्हणजे ‘जेवतेय’, हे त्यांना कुठून माहीत असणार! त्यात वाईट हेतू नव्हता, पण परत आल्यावर पोरगी घरातही हिंदीत बोलायला लागली. आजीशीसुद्धा. आईने तोंडाने काही म्हटलं नाही, पण तिला लागलं. शिकवणी लावून हे सुटलं नसतं. म्हणून म्हटलं, सिनेमे लावू या.

पहिला लावला ‘सैराट’. २०१६ साली आला तेव्हा भाची लहान होती, तिला फक्त ‘झिंगाट’ माहीत. मी मात्र या वेळी दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होते. ‘सैराट’ म्हटलं की लोकांना विहीर, बुलेट आणि अजय-अतुलची गाणी आठवतात. माझ्या मते खरा सिनेमा आर्ची आणि परश्या पळून आपल्या हैदराबादला येतात तिथे सुरू होतो. चारही गाणी तोवर होऊन गेलेली असतात. उरतं ते पत्र्याचं घर, पाण्याच्या बाटल्या भरायचा कारखाना आणि एकमेकांवर चिडणं. गावात सगळ्यांना दरडावणारी आर्ची इथे मुकी होते, कारण तिला तेलुगू येत नाही. मग हळूहळू ती शिकते, आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग येतो. रिंकू राजगुरूने हे इतकं सहज केलंय की अभिनय वाटतच नाही.

भाची या भागात ताठ बसून बघत होती. पडद्यावरचं तेलुगू तिला सबटायटलशिवाय कळत होतं. “मावशी, हे पुण्याच्या लोकांना वाचून बघावं लागलं असेल ना?” असं विचारताना तिचा आवाज जरा खट्याळच होता. छाया कदमची सुमनअक्का तर आम्हाला आपल्याच गल्लीतली वाटली. जे सुचेल त्या भाषेत बोलते आणि त्याचं तिला काही वाटत नाही. शेवटाबद्दल इथे लिहीत नाही. न पाहिलेले अजून कुणी असतील तर पाहा, आणि त्यानंतर लगेच जेवायला बसू नका.

‘वेड’ ही ताईची निवड. नागा चैतन्य आणि समंताच्या २०१९ च्या तेलुगू ‘मजिली’वरून केलेला. आम्ही दोन्ही पाहिलेत, त्यामुळे तुलना टळली नाही. मला ‘मजिली’ जास्त आवडला. ‘वेड’ फार चकचकीत आहे आणि रितेशच्या पात्राचं दुःख बऱ्याच ठिकाणी नुसतं दाढीतून दिसतं. पण जेनेलिया! ‘बोम्मरिल्लू’ची हासिनी म्हणून ती इथल्या घराघरात पोचली, तेव्हा मीही शाळा-कॉलेजच्या वयात होते. तीच मराठी सून होऊन समोर आली की हैदराबादकरांना दुप्पट आनंद होतो. तिचे उच्चार काही सदाशिव पेठेतले नाहीत, पण त्यावर कुणी नाक मुरडलं नाही, उलट कौतुक झालं. हे मी भाचीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.

‘दशावतार’ बघताना वेगळीच गंमत झाली. सगळी मालवणी! आईला अर्धंच कळलं, शेवटी तीच सबटायटल वाचायला लागली. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर दशावतारी कलावंताची ही भूमिका केलीय. डोळ्यांनी कमी दिसू लागलंय, तरी रंग लावून उभं राहायची ओढ सुटत नाही, हे त्यांनी फार सुंदर दाखवलंय. पूर्वार्धातला बाप-लेकाचा जिव्हाळा मला पुन्हा बघायला आवडेल. उत्तरार्धात मात्र सूडाची गाडी एकदा सुटते ती थांबत नाही, आणि खलनायक अगदी ठोकळेबाज. भाचीला नेमका तोच भाग आवडला. तिचं वय बघता ठीक आहे.

माझी निवड होती ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा संथ आहे, कॅमेरा एकाच जागी उभा राहतो, आणि पहिल्या वीस मिनिटांत ताई दोनदा चहा करायला उठली. त्यातली सरकारी वकील गीतांजली कुलकर्णीने केलीय. लोकलने घरी जाणारी, मुलाला घेऊन येणारी, स्वयंपाक करणारी साधी बाई. सुटीच्या दिवशी ती कुटुंबासोबत नाटकाला जाते. नाटकातल्या मराठी मुलीचं परप्रांतीय मुलावर प्रेम असतं, वडील त्याला सुनावून हाकलतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आईही सुरुवातीला हसत होती, नंतर गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “इथल्या लोकांनी आपल्याबद्दल असं नाटक काढलं असतं तर?” आमची चौथी पिढी या शहरात आहे. मला उत्तर सुचलं नाही. नाटकातल्या त्या दृश्याचं वाईट हे, की टाळ्या वाजवणारी माणसं वाईट दिसत नाहीत.

त्या रात्री जेवताना आई भाचीला जुनं सांगत बसली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आपलं ‘करू लागले, जेवू लागले’ हे औरंगाबाद-नांदेडकडचंच बोलणं. आणि इथल्या दखनीतलं ‘नक्को’ आणि ‘ऐसाइच’मधला ‘च’ मराठीतूनच गेलाय. भाचीने लगेच चारमिनारजवळच्या आपल्या मैत्रिणीला मेसेज केला, “तुम लोगां हमारे शब्द वापर रहे.”

हैदराबादी मराठी बोलणारी नायिका मात्र मला अजून कुठल्याच सिनेमात भेटलेली नाही. सुमनअक्काच काय ती जवळची. कुणी काढला तर पहिल्या दिवशीचं तिकीट मी काढीन.

पुढचा रविवार भाचीचा आहे. तिला ‘अशी ही बनवाबनवी’ हवाय, जो घरात सगळ्यांना पाठ आहे. आई म्हणते, पाठ आहे तर कशाला? भाचीचं उत्तर, “आज्जी, मला पाठ नाही. अजून करू लागले.”