दुर्बिणीला ताऱ्याचे घर दाखविणारा नकाशा

पाकिटावर ‘टेंभुर्णी, तालुका माढा, जिल्हा सोलापूर’ एवढेच लिहिले तर पत्र गावात पोचेल; पण नेमक्या घरी जाण्यासाठी शेजारपाजारच्या खुणा लागतील. ताऱ्यांचेही तसेच आहे. विषुवांश आणि क्रांती हे दोन आकडे दुर्बिणीला ‘गावा’पर्यंत नेतात. तेथून पुढे ‘हाच तो तारा’ हे ठरविण्यासाठी शोध-नकाशा लागतो.

वर्णपट घेताना तर त्यावाचून चालतच नाही. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे २००६ साली सुरू झाली. तिच्या वर्णपटमापक कॅमेऱ्याच्या टापूत सुमारे साडेदहा कला रुंदीचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या एक तृतीयांश रुंदीचे आकाश येते. (६० विकला म्हणजे १ कला व ६० कला म्हणजे १ अंश.) पण प्रकाश ज्या फटीतून आत घ्यायचा, ती असते एक-दोन विकलांची. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे अडीच किलोमीटरवरून पाहिले, तर ते दोन विकलांएवढेच दिसेल!

फटीत शेजारचा तारा आला तर काय होईल? कृत्तिकांमधील अ‍ॅटलास आणि प्लायोनी या ताऱ्यांमध्ये जेमतेम ५ कलांचे अंतर आहे. प्लायोनीभोवती वायूची तबकडी असल्याने तिच्या वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा आढळतात. अ‍ॅटलासमध्ये तशा दिसत नाहीत. निवड चुकली की सगळे अनुमानच चुकले. नवा अतिदीप्त नवतारा तर दिवसागणिक बदलतो. हुकलेली रात्र परत मिळत नाही.

म्हणून नकाशात उत्तर दिशा वर आणि पूर्व डावीकडे दाखवितात. नकाशा डोक्यावर धरून पाहा, म्हणजे पूर्व डावीकडे का, ते कळेल. लक्ष्याजवळ दोन छोट्या रेघा, शेजारचे तारे, त्यांच्या प्रती आणि कलांची मोजपट्टी एवढे हवेच. लक्ष्य फार अंधूक असेल, तर जवळचा ठळक तारा निवडून तेथून किती विकला सरकायचे, तेही लिहितात.

आकडे कोणत्या सालचे, हेही नोंदवावे लागते. संपातचलनामुळे क्रांतिवृत्ताजवळच्या ताऱ्याचे स्थान दरवर्षी सुमारे ५० विकलांनी बदलते. १९५० सालचे आकडे २००० सालचे समजून वापरले, तर सुमारे ४२ कलांची चूक होईल. तारा कॅमेऱ्याच्या टापूतच येणार नाही! काही ताऱ्यांना स्वतःचीही गती असते. बर्नार्डचा तारा वर्षाला १० विकलांहून अधिक सरकतो. तीस वर्षांपूर्वीच्या छायाचित्रावरून त्याला शोधू गेलात, तर तो ५ कला दूर सापडेल.

आता तुम्हीच एक शोध-नकाशा करा. टेंभुर्णीहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १८ अंश उंच दिसतो. त्यावरून उत्तर ठरवा. डिसेंबरच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात. द्विनेत्रीतून पाहून, १ सेंटिमीटरला ५ कला या प्रमाणात तारे मांडा. अ‍ॅटलासपासून ध्रुवाच्या दिशेने एक सेंटिमीटरवर अंधूक प्लायोनी आली का? मग वहीची घडी घालून ती मित्राच्या हाती द्या. तुम्ही काही न सांगता त्याला प्लायोनी सापडली, तर तुमचा नकाशा बरोबर!