सीव्हीटीचं तेल : डीलरचं की दुकानातलं?

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाची रांग लागली की दोन विषय हमखास निघतात. एक मॉर्गेजचा, दुसरा गाडीचा. हल्ली गाडीच्या विषयात एक प्रश्न वारंवार कानावर येतो : "डीलर सीव्हीटीच्या तेलाचे एवढे पैसे सांगतो, ऑटोपार्टच्या दुकानात तेच निम्म्यात मिळतं. घालावं का?" मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. मोटारीच्या कंपनीत नसलो तरी पंप, बेअरिंग आणि वंगण यांच्याशी रोजचा संबंध. तेव्हा या प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर द्यावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी सीव्हीटी म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी अनेकांनी ती पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर चालवलेली आहे, फक्त नाव ठाऊक नव्हतं. १९८०च्या दशकातली कायनेटिक होंडा आठवा. गिअर नाहीत, क्लच नाही, नुसती मूठ पिळायची. आत दोन पुल्या आणि त्यांवर रबरी पट्टा. पुलीच्या दोन बाजू जवळ आल्या की पट्टा वर सरकतो, लांब गेल्या की खाली उतरतो. त्यामुळे पायऱ्या न चढता उतारावरून चढावं तसं गिअरचं प्रमाण सलग बदलत जातं. ही कल्पना मोटारीत आणली हॉलंडच्या हुब व्हान डोर्ने यांनी. त्यांच्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्याची 'व्हेरिओमॅटिक' गाडी लोकांपुढे ठेवली. पुढे पोलादी पट्टा आला. १९८७ साली जपानमध्ये सुबारू जस्टीत तो बसवला गेला. अमेरिकेत १९९६च्या होंडा सिव्हिक एचएक्समध्ये सीव्हीटी होती, आणि २००३च्या निसान मुरानोपासून ती मोठ्या गाड्यांतही रुळली.

स्कूटर आणि मोटार यांत मोठा फरक एकच. स्कूटरचा रबरी पट्टा कोरडा चालतो. मोटारीतला पट्टा शेकडो पोलादी पाकळ्या पातळ पोलादी कड्यांत ओवून केलेला असतो, पोलादी पुलीवर तो दाबून धरलेला असतो आणि हे सगळं तेलात बुडालेलं असतं. इथेच खरी गोम आहे.

घसरू न देणारं तेल

तेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घसरणं येतं. तेलकट हाताने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. पण सीव्हीटीत इंजिनाची सगळी ताकद पोलादावर पोलाद घट्ट धरूनच चाकांपर्यंत जाते. गावाकडे पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरू लागला की गिरणीवाला त्याला राळ लावायचा. सीव्हीटीच्या तेलाला वंगण आणि राळ ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. झीज होऊ द्यायची नाही आणि पकडही सोडायची नाही.

शिवाय याच तेलाच्या दाबाने पुल्या आवळल्या जातात. त्यात फेस झाला किंवा ते फार पातळ झालं, तर दाब कमी पडतो. पुढे-मागे जाण्यासाठीचे क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर यांनाही हेच तेल लागतं आणि तिथे मात्र धक्का न बसता हळुवार पकड हवी. इतक्या परस्परविरोधी मागण्या पुरवणारं रसायन बनवणं सोपं नाही.

साध्या ऑटोमॅटिकचं तेल, म्हणजे एटीएफ, इथे का चालत नाही ते आता लक्षात येईल. त्यातली रसायनं क्लचच्या अस्तर लावलेल्या तबकड्यांसाठी जमवलेली असतात. पोलादावर पोलाद पकडून ठेवणं हे त्याचं कामच नव्हे. पट्टा एकदा घसरला की पुलीवर ओरखडे पडतात, धातूचा चुरा तेलात फिरतो, झडपांत अडकतो, दाब आणखी कमी होतो आणि पट्टा आणखी घसरतो. ओरखडलेली पुली कुठल्याही तेलाने बरी होत नाही.

आमच्या गावात एमएससाठी आलेल्या एका मुलाचंच उदाहरण घ्या. शिक्षण संपवून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून त्याने जुनी सीव्हीटीची गाडी घेतली. झटपट तेल बदलून देणाऱ्या एका दुकानात तेल बदलून घेतलं. महिन्याभराने फ्रीवेवर शिरताना इंजिन ओरडतंय, पण गाडी वेग घेत नाही, आणि मागून ट्रक येतोय, अशी वेळ आली. घाबरून तो माझ्याकडे आला. बिल पाहिलं तर त्यावर नुसतं 'एटीएफ' लिहिलेलं. "काका, त्यांनी सांगितलं की हे सगळ्या गाड्यांना चालतं." योग्य तेल तीनदा भरून पाहिलं. हादरे कमी झाले, पण आतली घरघर गेली नाही. चार महिन्यांत ट्रान्समिशन बदलावं लागलं आणि त्यात त्याची उन्हाळ्यातली सगळी कमाई गेली.

बाटलीवर काय वाचायचं?

इंजिन ऑइल घेताना आपण बाटलीवर एपीआयचं गोल चिन्ह पाहतो आणि निर्धास्त होतो. एटीएफसाठी जनरल मोटर्सचा डेक्सरॉन परवाना असतो. सीव्हीटीच्या तेलाला मात्र सर्वमान्य असा शिक्का नाही. जपानच्या जासो संस्थेची एम-३५८ नावाची चाचणी-पद्धत आहे. तिच्यात धातूवर धातूची पकड मोजतात, पण ती मोजण्याची पद्धत झाली, 'तुमच्या गाडीला चालेल' असा दाखला नव्हे. प्रत्येक कंपनीचं तेल निराळं. निसानचं एनएस-२ आणि एनएस-३, होंडाचं एचसीएफ-२, टोयोटाचं टीसी आणि एफई. सुबारूच्या बऱ्याच गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते आणि तिथेही गिअरबॉक्सप्रमाणे तेल बदलतं.

म्हणून पहिली पायरी गाडीच्या मॅन्युअलची. नुसतं मॉडेल नव्हे, साल पाहा. २००७ ते २०१२च्या पिढीतल्या निसान अल्टिमाला एनएस-२ लागतं, २०१३पासूनच्या पिढीला एनएस-३. नाव तेच, गाडी निराळी.

दुसरी पायरी, बाटलीच्या मागचा बारीक मजकूर. आपल्या तेलाचं नेमकं नाव तिथे छापलेलं हवं. 'बहुतेक आशियाई गाड्यांसाठी' एवढ्यावर भागवू नका. शब्दही नीट वाचा. 'अप्रूव्हड' म्हणजे गाडीच्या कंपनीने मान्यता दिली. 'सूटेबल फॉर यूज' म्हणजे तेल बनवणारा आपल्या जबाबदारीवर सांगतो की चालेल. बाजारातली बहुतेक बाहेरची तेलं दुसऱ्या प्रकारची असतात. म्हणून ती वाईट ठरत नाहीत. व्हॅल्व्होलिन, कॅस्ट्रॉल, आयसिन अशा नावाजलेल्या कंपन्या खास सीव्हीटीसाठी वेगळं तेल काढतात. पण शब्द कोणाचा आहे हे आपल्याला ठाऊक असावं. एटीएफ आणि सीव्हीटी दोन्हींना चालतो म्हणणारा 'युनिव्हर्सल' माल मात्र मी माझ्या गाडीत घालणार नाही. एटीएफमध्ये मिसळायची सीव्हीटीची पुडी तर नकोच.

तिसरी गोष्ट, हायब्रिडवाल्यांनी सावध राहावं. टोयोटा प्रियसच्या माहितीपत्रकात ट्रान्समिशनला 'ईसीव्हीटी' म्हटलेलं असलं, तरी तिच्यात पट्टाही नाही आणि सरकणाऱ्या पुल्याही नाहीत. आत दोन विद्युत मोटारी आणि ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर असतात. तिच्या अनेक सालांच्या गाड्यांना टोयोटाचं एटीएफ डब्ल्यूएस लागतं, सीव्हीटीचं तेल नव्हे.

वॉरंटीचं काय?

मॅन्युअलमध्ये बहुधा दमात लिहिलेलं असतं की आमचंच तेल वापरा, नाहीतर नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. इथे १९७५चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्यानुसार विशिष्ट ब्रँडचीच वस्तू घ्या, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही, ती वस्तू फुकट दिली तर गोष्ट वेगळी. दावा नाकारायचा तर बाहेरच्या तेलानेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवायला हवं. कायदा आपल्या बाजूने असला तरी भांडायला वेळ कुणाला आहे? दुकानातल्या तेलात क्वार्टमागे दहा डॉलर वाचले असं धरलं, तर पाच क्वार्टांत पन्नास डॉलर वाचतील. ट्रान्समिशनचं बिल हजारांत येतं. वॉरंटी चालू असेपर्यंत कंपनीचंच तेल घाला आणि पावत्या जपून ठेवा.

बदलताना

तेल योग्य असलं तरी पातळी चुकली तर काय उपयोग? बऱ्याच सीव्हीटींना डिपस्टिकच नसते. गाडी सपाट जागी, तेल मॅन्युअलने सांगितलेल्या तपमानाला, इंजिन चालू, आणि मग प्लगमधून जादा तेल बाहेर येऊ द्यायचं, अशी पद्धत असते. ड्राइव्हवेवर जॅक लावून अंदाजपंचे हे काम करू नये.

शिवाय प्लग काढला की सगळं तेल निघत नाही. समजा आठ क्वार्टांपैकी चार निघाले. एकदा बदलल्यावर निम्मं नवं, दुसऱ्यांदा पाऊण, तिसऱ्यांदा साडेसत्त्याऐंशी टक्के. म्हणून तेलाची जात बदलायची असेल तर एका खेपेत ती बदलत नाही. पॅनमधल्या चुंबकावर बारीक करडा लेप दिसला तर घाबरू नका, पण हाताला लागणारे धातूचे तुकडे दिसले तर तेलाच्या खरेदीत पैसे न घालता गिअरबॉक्स तपासून घ्या. काही निसान गाड्यांचा संगणक तेलाच्या झिजेचा हिशेब ठेवतो. तेल बदलल्यावर तो शून्यावर आणायला सांगा.

थोडक्यात माझं मत असं. वॉरंटीत असलेली गाडी, किंवा गिअरबॉक्सप्रमाणे तेल निराळं असलेली सुबारू, यांना कंपनीचंच तेल. वॉरंटी संपलेल्या गाडीला नावाजलेल्या कंपनीचं, खास सीव्हीटीचं आणि आपल्या तेलाचं नेमकं नाव छापलेलं दुकानातलं तेल खुशाल घाला. ते वेळेवर बदला, कारण दीड लाख मैल न बदललेल्या कंपनीच्या तेलापेक्षा वेळच्या वेळी बदललेलं बाहेरचं तेल केव्हाही बरं. दुकानात तेल बदलून घेणार असाल तर बाटली आधी डोळ्यांनी पाहा आणि बिलावर तेलाचं पूर्ण नाव लिहून घ्या. आणि देशातून नवीन आलेली मुलं जुनी गाडी घेताना तुम्हाला सोबत नेतील, तेव्हा मैल आणि टायर यांच्याबरोबर ट्रान्समिशनच्या तेलाची पावतीही मागायला विसरू नका.