मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा दोन

मुंबईपासून लंडन किती दूर? सुमारे ७,२०० किलोमीटर. मग ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला आठ तास पुरावेत, हे गणित चौथीतला मुलगाही सांगेल. प्रत्यक्षात, सारे सुरळीत असताना, जायला साडेनऊ-दहा तास लागतात आणि परतताना तासभर कमी. ज्यांचे कोणी तिकडे शिकायला वा नोकरीला आहे, त्यांना विमानतळावर ताटकळताना हा हिशेब बुचकळ्यात टाकतो.

प्रथम अंतर पाहू. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-लंडन रेषा ओढली, तर तिचा मध्य सिरियाच्या आसपास पडतो. आता भूगोल विभागातला पृथ्वीगोल घ्या आणि तीच दोन शहरे दोऱ्याने ताणून जोडा. दोरा उत्तरेकडे सरकतो. त्याचा मध्य थेट कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस, जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराजवळ येतो! नकाशावर वाकडी दिसणारी ही वाट खरे तर सर्वांत जवळची. तिला बृहद्वृत्त म्हणतात, आणि वरचे ७,२०० किलोमीटर हे ह्या दोऱ्याचे माप आहे. (प्रयोग करून पाहावा, दोऱ्याखेरीज काही खर्च नाही.)

आता वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी २०० किलोमीटरांच्याही वर जातो. विमानाचे ९०० किलोमीटर हे भोवतालच्या हवेच्या संदर्भात असतात. ती हवाच समोरून शंभराने येत असेल, तर जमिनीवरून पाहता वेग आठशेच उरतो. परतीला तोच वारा पाठीशी! शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीकडे रांगेत रखडणे, लंडनवर घिरट्या घालणे हे सारे त्यात आलेच.

घड्याळाची गंमत वेगळी. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते. सकाळी सातला निघून दहा तास उडालेले विमान तेथल्या साडेअकराला उतरते. प्रवास जणू साडेचार तासांचा. तेथून रात्री नऊला निघून नऊ तासांत आलेले विमान मात्र आपल्याकडे दुसऱ्या दिवशी साडेअकराला पोहोचते. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करणाऱ्याची त्रेधा उडते ती ह्यामुळे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला प्रथम निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आजचे विमान न थांबता जाते, पण दोऱ्याच्या वाटेने जाईलच असे नाही. ती वाट पाकिस्तान, इराण व युक्रेनवरून जाते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू झाले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. गोलावरचे अंतर तसूभरही वाढले नाही, तरी वळसा पडला, इंधन वाढले, वेळ वाढला. त्यातही दिल्लीकरांना आधी दक्षिणेकडे उतरावे लागले. मुंबईला समोर अरबी समुद्र मोकळा होता. त्यावरून ओमानकडे जाऊन पुढची वाट धरता आली.