सर्व्हर चालू होतानाची ती काळी स्क्रीन, आणि त्यात लपलेलं तुमचं उधारीचं खातं

व्हिडिओत कंट्रोलरची स्क्रीन फारच भरभर गेली, "सर, तेवढं लिहून द्या ना" अशी बऱ्याच जणांची मागणी होती. म्हणून हे लिहितोय.

माझ्या दुकानात बिलिंगसाठी एक सेकंडहँड डेल सर्व्हर आहे. त्यात पर्क एच३१० कंट्रोलर आणि १-१ टीबीच्या दोन डिस्क. दोन्ही मिळून रेड १, म्हणजे मिरर. एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही. पैसे २ टीबीचे मोजायचे आणि वापरायला मिळते १ टीबी, हे आधीच पचवून घ्या. रेड ० मध्ये पूर्ण २ टीबी मिळते, वेगही मिळतो, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. उधारीची वही अशा ठिकाणी कोण ठेवेल?

सर्व्हर चालू होताना कंट्रोलरचं नाव आलं की कंट्रोल आणि आर एकत्र दाबा. चुकलं तर रीस्टार्ट करा. आत माउस चालत नाही. कंट्रोलरवर उभं राहून एफ२ दाबा, क्रिएट न्यू व्हीडी घ्या, रेड १ निवडा, दोन्ही डिस्कवर खूण करा, ओके. शेवटी इनिशियलाइज. कोऱ्या डिस्कसाठी हे बरोबर आहे. डेटा असलेल्या डिस्कसाठी हाच शब्द विष आहे, का ते पुढे सांगतो.

एक डिस्क मेली तरी मिररमध्ये काम चालू राहतं, आणि गोची तिथेच होते. माझ्याकडे चालू होताना 'डिग्रेडेड' असा मेसेज रोज येत होता, दुकानातला मुलगा एक बटण दाबून रोज पुढे जात होता. मला कळलं तेव्हा चार वर्षांचा हिशोब एकाच डिस्कवर लटकत होता.

आधी बॅकअप घेतला. मग त्या स्क्रीनवर कंट्रोल आणि एन दाबत पीडी मॅनेजमेंटच्या पानावर गेलो आणि 'फेल्ड' डिस्कचा नंबर कागदावर लिहून घेतला. हे नक्की करा, कारण घाईत चांगलीच डिस्क उपसली तर मेलेली हातात राहते. दुसऱ्या सर्व्हरमधली जुनी डिस्क लावली, तेवढीच १ टीबीची. लहान चालत नाही. ती 'फॉरेन' दिसू लागली, कारण तिच्यावर जुन्या रेडची खूण शिल्लक होती. वैतागून माझं बोट इनिशियलाइजकडे गेलं होतं, खरं सांगतो. ते आपल्या चालू मिररवर झालं असतं तर उरलेला हिशोबही पुसला गेला असता. करायचं होतं एवढंच: एफ२, फॉरेन कॉन्फिग, क्लिअर. त्या जुन्या डिस्कवर कामाचं काही नाही याची खात्री करूनच हं! मग ती 'रेडी' झाली, तिला हॉट स्पेअर केलं आणि रिबिल्ड आपोआप सुरू झालं. काही तास लागले, पण विंडोज सुरू करून बिलं फाडता आली.

बॅकअप मात्र वेगळाच लागतो. टॅलीतली एंट्री चुकून उडवली तर मिरर ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने उडवतो. माझा बॅकअप दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर जातो, आणि ती डिस्क रात्री घरी नेतो.