चार पेन्सिल सेलची करामत

मुलांना सुट्ट्या लागल्या, की घरात नव्या खेळाची मागणी सुरू होते. ‘आई, त्याच्याकडे आहे ना, त्याचा स्क्रीन केवढा मोठा आहे!’ हे पालुपद आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं असेल. पडदा मोठा, रंग जास्त, म्हणजे वस्तू चांगली, हे मुलांचं गणित. पण हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमची हकिगत पाहिली, तर तिथे चक्क गृहिणीचा हिशेब जिंकलेला दिसतो!

1989 साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं ‘गेम बॉय’ काढला. दिसायला अगदीच बेताचा. पडदा शेवाळी, त्यावर फिकट-गडद अशा चारच छटा, आणि आत दिवा नसल्यामुळे उजेडात धरूनच खेळावं लागायचं. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला, पाठोपाठ सेगाचा ‘गेम गिअर’. दोन्हींचे पडदे रंगीत, आतून उजळलेले. शेजारी मांडले तर गेम बॉयकडे कुणी ढुंकूनही पाहू नये!

पण किमती बघा. अमेरिकेत गेम बॉय 90 डॉलरला, लिंक्स 180 ला, आणि 1991 मध्ये तिथे आलेला गेम गिअर 150 ला. खरी गंमत तर पुढेच आहे, बरं का. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि त्यांवर तो पंधराएक तास चाले. बाकी दोघांना सहा-सहा सेल, आणि तेही चार-पाच तासांत संपत. म्हणजे पंधरा तासांच्या खेळाला इकडे चार सेल, तिकडे वीस-बावीस! खेळ एकदाच घ्यायचा, सेल मात्र सारखेच आणायचे. आणि त्याचे पैसे काही मुलं देत नाहीत.

निन्टेन्डोतल्या ज्या गुनपेई योकोईंच्या हाताखाली गेम बॉय घडला, ते 1965 साली कंपनीत लागले ते पत्ते बनवणारी यंत्रं सांभाळायला. त्यांचं म्हणणं असं, की नव्या महागड्या तंत्रामागे धावू नये. वापरून वापरून स्वस्त झालेलं, ज्याच्या खोडी कळून चुकल्या आहेत असं तंत्र घ्यावं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करावा. कालच्या भाताला आपण फोडणी देतो ना, अगदी तसंच! 1980 साली त्यांनी कॅल्क्युलेटरच्या छोट्या पडद्यावर असाच एक खिशातला खेळ करून दाखवला होता.

स्वस्त म्हणजे तकलादू मात्र नव्हे. आखाती युद्धात होरपळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कला निन्टेन्डोच्या दुकानात कितीतरी वर्षं चालू स्थितीत मांडलेला होता. शिवाय अमेरिकेत त्याच्याबरोबर ‘टेट्रिस’ मिळे. पडणारे ठोकळे नीट रचायचे, एवढाच खेळ. त्याला रंग हवेत कशाला? तो मोठ्या माणसांनाही सुटेना.

याच योकोईंचा 1995 चा ‘व्हर्च्युअल बॉय’ सपशेल आपटला. त्यात नुसतं लाल चित्र, डोळ्यांना ताण, आणि किंमत पुन्हा 180 डॉलर! गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून मात्र 11 कोटी 80 लाखांहून जास्त खपले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास राहिला.

तेव्हा यंदा दुकानात गेलात, की एवढं विचारा: एकदा चार्ज केल्यावर किती तास चालतो, नवे खेळ केवढ्याला पडतात, आणि बिघडला तर गावातच दुरुस्त होतो का? रंगांचं काय ते दुकानदार न विचारता सांगेलच.